घटक ४ : कायद्याच्या मजकुराचे वाचन – मर्यादित कंपनीची स्थापना

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ‘मर्यादित’, ‘दायित्व’, ‘सभासद’, ‘संचालक’ या शब्दांचे कायद्यातील नेमके अर्थ सांगता येतील.
• खासगी मर्यादित कंपनी स्थापन करण्याच्या कायदेशीर अटी क्रमाने स्पष्ट करता येतील.
• घटनापत्रक आणि नियमावली यांतील फरक सांगता येईल.
• कायद्याच्या मराठीतील क्रियापदांची रूपे ओळखून त्यांतून निर्माण होणारे बंधन समजून घेता येईल.
• एखाद्या कायदेशीर कागदावर सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा पाहिली. या घटकात आपण त्यापुढील पायरीवर, म्हणजे कायद्याच्या भाषेकडे वळणार आहोत. त्यासाठी ‘मर्यादित कंपनीची स्थापना’ हा विषय निवडला आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात कंपनी कायदा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर एका अनुभवातून देतो.

काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रानंतर एक विद्यार्थिनी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तिच्या थोरल्या दिरांनी एक कंपनी काढली होती. ‘दोन संचालक लागतात, तू फक्त सही कर’, असे म्हणून त्यांनी तिची सही घेतली. कंपनी लवकरच बंद पडली. घरात त्या विषयाची चर्चा थांबली, परंतु कंपनीची कायदेशीर नोंद कायम राहिली. पुढे या विद्यार्थिनीने मैत्रिणीबरोबर स्वतःचा उद्योग उभारायचे ठरवले, तेव्हा आपण संचालक होण्यास अपात्र ठरलो आहोत, असे तिला कळले. जुन्या कंपनीची वार्षिक विवरणे सलग तीन वर्षे सादर झाली नव्हती. ‘सर, मी तर काहीच केलं नाही’, ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. आणि कायद्याच्या दृष्टीने दोष नेमका तोच होता.

तिला मराठी उत्तम येत होते. कागदावरील ‘संचालक’ हा शब्द तिला परिचित होता. त्या शब्दाबरोबर येणारी कर्तव्ये परिचित नव्हती. परिचित वाटणारा शब्द कायद्यात वेगळा अर्थ धारण करतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ओळखली पाहिजे. म्हणून हा घटक वाचताना आपण दोन कामे एकाच वेळी करणार आहोत: कायद्याच्या अटी समजून घेणे आणि त्या अटी कोणत्या शब्दांत मांडल्या आहेत, याकडे लक्ष देणे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘मर्यादित’ म्हणजे काय मर्यादित?

कंपनीच्या नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ हा शब्द आपण नेहमी पाहतो. मराठीत त्याचे भाषांतर ‘मर्यादित’ असे होते. परंतु ‘मर्यादित’ हे विशेषण आहे आणि विशेषणाला विशेष्य लागते. येथे विशेष्य कोणते? कंपनीचा व्यवसाय मर्यादित असतो का? तिचे आयुष्य, तिची मालमत्ता, तिचे कर्ज मर्यादित असते का? यांपैकी काहीही मर्यादित नसते. मर्यादित असते ते कंपनीच्या सभासदांचे दायित्व, म्हणजे कंपनीच्या कर्जापोटी सभासदांनी स्वतःच्या खिशातून द्यावयाची रक्कम.

‘मर्यादित जबाबदारी’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे, पण तो वाचकाची दिशाभूल करू शकतो. ‘जबाबदारी’ या शब्दात अरबी ‘जवाब’ आणि फारसी ‘दार’ यांचा संयोग आहे. जो उत्तर देण्यास बांधलेला तो जबाबदार. त्यामुळे मराठीत या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. कर्तव्य, उत्तरदायित्व आणि देणे असे तिन्ही अर्थ त्यात सामावतात. ‘दायित्व’ या शब्दाच्या मुळाशी मात्र ‘दा’, म्हणजे देणे, हा संस्कृत धातू आहे. कंपनी कायद्यात मर्यादा घातली आहे ती देण्याला. कर्तव्याला मर्यादा घातलेली नाही. कंपनी मर्यादित असली म्हणून संचालकाची कर्तव्ये मर्यादित होत नाहीत. हा भेद आपण घटकभर लक्षात ठेवावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीतील दोन बहिणी हळदपूड आणि मसाल्यांचा उद्योग करतात. त्यांनी केवळ भागीदारी केली असती, तर १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार पेढीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही बांधील राहिली असती. पेढीची मालमत्ता अपुरी पडल्यास धनकोचा हात त्यांच्या घरापर्यंत पोहोचू शकला असता.

आता त्यांनी भागांनी मर्यादित अशी कंपनी स्थापन केली, असे समजू. थोरलीने प्रत्येकी १० रुपयांचे ६,००० भाग घेतले आणि धाकटीने ४,०००. दोघींनी अनुक्रमे ६०,००० आणि ४०,००० रुपये पूर्ण भरले. पुढे कंपनी बुडाली. देणी १२ लाखांची आणि मालमत्ता ५ लाखांची. उरलेल्या ७ लाखांसाठी सभासद म्हणून त्यांच्याकडे काहीही मागता येत नाही, कारण त्यांनी आपल्या भागांची रक्कम पूर्ण भरली आहे. मात्र मधल्या काळात त्यांच्या मावसभावाने ५,००० नवे भाग घेतले होते आणि प्रत्येक भागापोटी १० पैकी ६ रुपयेच भरले होते. त्याच्याकडून प्रत्येक भागामागे ४ रुपये, म्हणजे एकूण २०,००० रुपये मागता येतील. भागांवरील न भरलेली रक्कम, हीच ती मर्यादा.

म्हणून ‘मर्यादित’ हा शब्द वाचताना तीन प्रश्न विचारावेत: कोणाचे? काय? किती? उत्तर असे: सभासदाचे, देणे, भागांवरील न भरलेल्या रकमेइतके.

या व्यवस्थेचा पाया एकच आहे. कंपनी ही तिच्या सभासदांपासून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती आहे. तिचे कर्ज हे तिचे कर्ज, सभासदांचे नव्हे. १८९६ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. पादत्राणे तयार करणाऱ्या सॉलोमन यांच्या कंपनीत एकूण २०,००७ भागांपैकी २०,००१ भाग त्यांचे स्वतःचे होते आणि उरलेले सहा भाग पत्नी व पाच मुले यांच्याकडे प्रत्येकी एक असे होते. तरीही कंपनी आणि सॉलोमन या दोन भिन्न व्यक्ती आहेत, असा निर्णय झाला. भारतात मर्यादित दायित्वाची तरतूद १८५७ च्या कायद्याने आली. १९१३ आणि १९५६ या कायद्यांनंतर आज २०१३ चा कंपनी अधिनियम लागू आहे.

आपल्याकडचे एक परिचित उदाहरण म्हणजे किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यातून वाढलेला उद्योग १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या नावाने नोंदवला गेला. या नावातील ‘ब्रदर्स’ हा शब्द नाते सांगतो, तर ‘लिमिटेड’ हा शब्द कायदा सांगतो.

> स्वयं-अध्ययन प्रश्न १
> योग्य पर्याय निवडा. ‘मर्यादित कंपनी’ या संज्ञेत मर्यादित असते ते –
> (अ) कंपनीचे कर्ज (आ) संचालकाचे कर्तव्य (इ) सभासदाचे दायित्व (ई) कंपनीचे आयुष्य

४.२.२ माणसे आणि भांडवल

२०१३ च्या अधिनियमानुसार सार्वजनिक कंपनीसाठी किमान सात, खासगी कंपनीसाठी किमान दोन आणि एकव्यक्ती कंपनीसाठी एक सभासद लागतो. संचालकांची किमान संख्या अनुक्रमे तीन, दोन आणि एक अशी आहे. एकव्यक्ती कंपनीत सभासदाच्या मृत्यूनंतर किंवा तो अक्षम झाल्यास त्याची जागा घेणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिच्या लेखी संमतीसह, आधीच नोंदवावे लागते.

‘सभासद’ आणि ‘संचालक’ हे शब्द आपण व्यवहारात सैलपणे वापरतो. कायद्यात त्यांचे क्षेत्र वेगळे आहे. सभासद कंपनीचे भाग धारण करतो; संचालक कंपनीचा कारभार चालवतो. एकच व्यक्ती दोन्ही असू शकते, आणि छोट्या कंपनीत बहुधा तसेच असते. परंतु एखादी कंपनी दुसऱ्या कंपनीची सभासद होऊ शकते; संचालक मात्र हाडामांसाची व्यक्तीच असावी लागते. संचालकांपैकी किमान एकाने त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी नव्हे इतका काळ भारतात वास्तव्य केलेले असावे, अशीही अट आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी भावंडांनी गावाकडे कंपनी काढायची ठरवली, तर ही अट त्यांना प्रथम पाहावी लागते.

खासगी कंपनीच्या व्याख्येत तीन बंधने आहेत आणि ती कंपनीच्या नियमावलीत लिहावी लागतात: भागांच्या हस्तांतरणावर निर्बंध, सभासदांची संख्या २०० पर्यंत आणि जनतेला कंपनीच्या रोख्यांत पैसे गुंतवण्याचे आवाहन करण्यास मनाई. येथे ‘खासगी’ या शब्दाचा अर्थ ‘सरकारी नसलेली’ असा नाही. जनतेसाठी खुली नसलेली, असा तो अर्थ आहे.

भांडवलाबाबत एक जुना समज दूर केला पाहिजे. पूर्वी खासगी कंपनीसाठी किमान १ लाख रुपये भरणा झालेले भांडवल आवश्यक होते. २०१५ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. तसेच १५ लाख रुपयांपर्यंत अधिकृत भांडवल असलेल्या कंपनीला नोंदणीसाठी केंद्राचे शुल्क आकारले जात नाही. राज्याचे मुद्रांक शुल्क मात्र वेगळे असते.

येथे आणखी एका प्रकाराची नोंद करून पुढे जाऊ. २००८ च्या अधिनियमानुसार ‘मर्यादित दायित्व भागीदारी’ स्थापन करता येते. तिला किमान दोन भागीदार लागतात आणि तीही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. परंतु तिच्यात भागधारक नसतात आणि घटनापत्रकाऐवजी भागीदारांतील करार असतो. ती कंपनी नव्हे.

४.२.३ नाव

कंपनीच्या नावाचे नियम भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष रोचक वाटतील. खासगी मर्यादित कंपनीच्या नावाच्या शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शब्द असावेच लागतात. ते व्यवहार करणाऱ्याला दिलेली सूचनाच असते: येथे सभासदांचे दायित्व मर्यादित आहे, हे ओळखून व्यवहार करा.

प्रस्तावित नाव अस्तित्वात असलेल्या कंपनीच्या नावाशी एकरूप किंवा अतिशय मिळतेजुळते नसावे. पण ‘मिळतेजुळते’ कसे ठरवायचे? नियमांनी त्यासाठी एक कसोटी दिली आहे. दोन नावांची तुलना करताना काही फरक विचारातच घ्यायचे नाहीत. शब्दाचे एकवचन किंवा अनेकवचन, क्रियापदाचा काळ, विरामचिन्हे आणि अक्षरांमधील अंतर, उच्चार तोच ठेवून बदललेले स्पेलिंग, शब्दांचा क्रम, जोडलेले गावाचे नाव, जोडलेला आकडा, तसेच संपूर्ण नावाचे हिंदी वा इंग्रजी भाषांतर किंवा लिप्यंतर. हे सारे बाजूला ठेवल्यावर दोन्ही नावे एकच उरत असतील, तर नवे नाव नाकारले जाते. भाषाविज्ञानात आपण ज्याला रूपभेद आणि लेखनभेद म्हणतो, ते भेद कायद्याने येथे नगण्य मानले आहेत.

आपल्या उदाहरणातील बहिणींनी ‘पिवळे सोने’ हे नाव निवडले आणि त्या नावाची कंपनी आधीच असली, तर ‘सोने पिवळे’ किंवा ‘पिवळे सोने सांगली’ असे बदल उपयोगी पडणार नाहीत. नव्या कंपनीसाठी मंजूर झालेले नाव मंजुरीच्या दिनांकापासून २० दिवस राखून ठेवले जाते. त्या मुदतीत पुढील अर्ज करावा लागतो.

४.२.४ घटनापत्रक आणि नियमावली

कंपनीचे दोन मूलभूत दस्तऐवज असतात. पहिला घटनापत्रक, ज्याला व्यवहारात मेमोरँडम म्हणतात. काही पुस्तकांत ‘संस्थापन समयलेख’ ही संज्ञाही आढळते. दुसरा नियमावली, म्हणजे आर्टिकल्स. घटनापत्रक कंपनी काय आहे ते सांगते. नियमावली तिचा कारभार कसा चालेल ते सांगते.

भागांनी मर्यादित कंपनीच्या घटनापत्रकात पुढील कलमे असतात.
१. नाव कलम – कंपनीचे पूर्ण नाव.
२. कार्यालय कलम – नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात असेल ते.
३. उद्दिष्ट कलम – कंपनी कोणत्या हेतूने स्थापन होत आहे आणि त्यासाठी आवश्यक असलेल्या बाबी.
४. दायित्व कलम – सभासदांचे दायित्व मर्यादित आहे, हे विधान.
५. भांडवल कलम – अधिकृत भागभांडवलाची रक्कम आणि तिची भागांत विभागणी.
शेवटी प्रत्येक हस्ताक्षरकर्त्याने किती भाग घेण्याचे मान्य केले, त्याची नोंद असते.

यांपैकी चौथे कलम बहुधा एका वाक्याचे असते, पण ज्या वाक्यामुळे घर सुरक्षित राहते ते हेच. आणि तिसऱ्या कलमाबाबत विशेष जपून राहावे. ‘हळद व मसाले यांचे उत्पादन’ एवढेच लिहिले, तर लोणची-पापड त्यात येतात का? ‘मसाले व तत्सम खाद्यपदार्थ’ असे लिहिले, तर ‘तत्सम’ या शब्दाची कक्षा कोठे संपते? कंपनीला उद्दिष्टांबाहेर जाता येत नाही. बदल करायचा तर विशेष ठराव करून घटनापत्रकात दुरुस्ती करावी लागते.

नियमावलीत भागांचे हस्तांतरण, सभा, मतदान, संचालकांची नेमणूक व अधिकार इत्यादी नियम येतात. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत नमुने दिले आहेत. भागांनी मर्यादित कंपनीसाठी ‘तक्ता एफ’ आहे. अनेकजण तो जसाच्या तसा स्वीकारतात. त्यात गैर काही नाही. परंतु नोंदणीनंतर ही दोन्ही कागदपत्रे प्रत्येक सभासदाला त्याने स्वतः सही केल्याप्रमाणे बंधनकारक होतात. बहिणींपैकी एकीला पुढे भाग विकायचे असतील, तर कोणाला आणि कसे विकता येतील, याचे उत्तर तिच्या आठवणीत किंवा घरातील बोलण्यात शोधले जाणार नाही. ते नियमावलीत शोधले जाईल.

> स्वयं-अध्ययन प्रश्न २
> पुढील बाबी घटनापत्रकात येतात की नियमावलीत, ते लिहा.
> (अ) अधिकृत भांडवलाची रक्कम (आ) संचालकांच्या सभांचे नियम (इ) कंपनीची उद्दिष्टे (ई) भागांच्या हस्तांतरणावरील निर्बंध

४.२.५ अर्ज, घोषणा आणि सही

नोंदणीचा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संगणकीय प्रणालीवर करावा लागतो. फेब्रुवारी २०२० पासून ‘स्पाइस प्लस’ नावाचा एकत्रित अर्ज वापरात आहे. त्याच्या पहिल्या भागात नाव राखून ठेवता येते आणि दुसऱ्या भागात कंपनीची नोंदणी, नव्या संचालकांचे ओळख क्रमांक, आयकराचे पॅन व टॅन यांसाठी अर्ज होतो. सोबतच्या अर्जाद्वारे भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, बँक खाते आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर यांची व्यवस्था होते.

अर्जासोबत मुख्यतः पुढील कागद लागतात: सर्व हस्ताक्षरकर्त्यांच्या सहीची घटनापत्रक व नियमावली, वकील, सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा कंपनी सचिव यांपैकी एका व्यावसायिकाची आणि एका नियोजित संचालकाची, कायद्यातील अटी पूर्ण केल्याची घोषणा, हस्ताक्षरकर्ते व प्रथम संचालक यांची, मागील पाच वर्षांत कंपनीविषयक अपराध वा लबाडी यांत आपण दोषी ठरलेलो नाही आणि दिलेली माहिती खरी आहे, अशी घोषणा, ओळख व पत्त्याचे पुरावे, आणि प्रत्येक प्रथम संचालकाची संमती.

या यादीतील ‘घोषणा’ आणि ‘संमती’ हे शब्द नीट पाहावेत. व्यवहारात घोषणा म्हणजे मोठ्याने सांगणे. कायद्यात घोषणा म्हणजे आपल्यावर परिणाम ओढवून घेणारे विधान. ते खोटे ठरले तर शिक्षा आहे. तसेच ‘संमती’ म्हणजे नातेवाइकाला दिलेला होकार नव्हे. संचालकाची सर्व कर्तव्ये स्वीकारल्याची ती नोंद आहे.

सहीबाबत नियमांत एक तरतूद आहे. हस्ताक्षरकर्ता निरक्षर असेल, तर तो अंगठा उमटवतो. त्याच्यासाठी लिहिणाऱ्या व्यक्तीने घटनापत्रक आणि नियमावली त्याला वाचून दाखवावी, समजावून सांगावी आणि तसे केल्याची नोंद करावी, असे नियम सांगतो. साक्षर माणसासाठी अशी कोणतीही तरतूद नाही. त्याने वाचले आहे, असे गृहीत धरले जाते. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच घडले. तिला अक्षर येत होते, म्हणून तिला कोणीही वाचून दाखवले नाही.

आज बहुतेक सह्या डिजिटल असतात. डिजिटल स्वाक्षरीचे साधन आणि त्याचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच आहे. सल्लागार कितीही विश्वासू असला, तरी प्रत्येक अर्जाची प्रत आधी वाचावी आणि मगच स्वाक्षरी वापरावी.

४.२.६ प्रमाणपत्रानंतर: ‘करील’ आणि ‘करू शकेल’

कागदपत्रे योग्य असल्यास निबंधक संस्थापन प्रमाणपत्र देतो. त्यावरील दिनांकापासून कंपनी जन्माला येते. तिला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो. कंपनी सूचिबद्ध आहे की नाही, तिचा उद्योग, तिचे राज्य, नोंदणीचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक एवढी माहिती त्यात क्रमाने असते. महाराष्ट्रातील कंपनीच्या क्रमांकात ‘एमएच’ आणि गोव्यातील कंपनीच्या क्रमांकात ‘जीए’ ही अक्षरे दिसतात.

अनेकांना वाटते की, येथे काम संपले. वास्तविक येथून मुदती सुरू होतात. त्या समजण्यासाठी कायद्याच्या मराठीचे एक वैशिष्ट्य जाणून घेऊ. ‘उद्या पाऊस येईल’ या वाक्यातील भविष्यकाळ अंदाज सांगतो. परंतु ‘कंपनी लेखापरीक्षक नेमील’ या कायद्यातील वाक्यात ‘नेमील’ हा अंदाज नाही; ती आज्ञा आहे. रूप भविष्यकाळाचे, कार्य विध्यर्थाचे. याउलट ‘निबंधक अधिक माहिती मागवू शकेल’ यात अधिकार आहे, सक्ती नाही. ‘असे मानण्यात येईल’ या रचनेत तिसराच प्रकार आहे: वस्तुस्थिती काहीही असो, कायदा ती तशी आहे असे धरून चालतो. कायद्याचा मजकूर वाचताना प्रथम क्रियापद शोधावे आणि ते या तिहींपैकी कोणत्या प्रकारचे आहे, ते ठरवावे.

नव्या कंपनीसाठीची प्रमुख ‘करील’ वाक्ये अशी आहेत.
• नोंदणीपासून ३० दिवसांच्या आत कंपनी आपले नोंदणीकृत कार्यालय ठेवील आणि त्याची पडताळणी सादर करील.
• ३० दिवसांच्या आत संचालक मंडळाची पहिली सभा होईल.
• ३० दिवसांच्या आत संचालक मंडळ पहिला लेखापरीक्षक नेमील.
• दोन महिन्यांच्या आत घटनापत्रकाच्या हस्ताक्षरकर्त्यांना भाग प्रमाणपत्रे दिली जातील.
• १८० दिवसांच्या आत, प्रत्येक हस्ताक्षरकर्त्याने मान्य केलेल्या भागांची रक्कम भरली आहे, अशी घोषणा संचालक सादर करील. ही घोषणा होईपर्यंत कंपनी व्यवसाय सुरू करू शकत नाही किंवा कर्ज काढू शकत नाही.
• पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत होईल.
• वित्तीय विवरणे वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत सादर होईल. व्यवसाय झाला नसला, तरी हे चुकत नाही.

यातच भाषेसंबंधीची एक तरतूद आहे. जेथे जेथे कंपनीचा व्यवसाय चालतो, त्या प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या बाजूस, ठळक जागी, कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लिहावा लागतो. ती अक्षरे त्या परिसरात सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या भाषेची नसतील, तर त्या भाषेच्या अक्षरांतही ते लिहिणे बंधनकारक आहे. सांगलीतल्या कंपनीची पाटी त्यामुळे देवनागरीतही असावी लागते. ज्या लोकांशी व्यवहार करायचा, त्यांना आपण कोण आहोत हे त्यांच्या अक्षरांत कळावे, असा त्यामागील विचार आहे.

४.२.७ मर्यादा कोठे सुटते?

मर्यादित दायित्व हे कायद्याने दिलेले संरक्षण आहे. पण ते सर्वत्र टिकत नाही. पुढील प्रसंग ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रसंग वैयक्तिक हमीचा. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. हमीपत्रावर सही केली की त्या कर्जापुरते ‘मर्यादित’ या शब्दाचे संरक्षण आपण स्वतःच दूर करतो. बहिणींच्या उदाहरणातील १२ लाखांपैकी ८ लाख बँकेचे असते आणि थोरलीने हमी दिली असती, तर बँकेला तिच्याकडे थेट जाता आले असते.

दुसरा प्रसंग खोट्या माहितीचा. खोटी माहिती देऊन किंवा माहिती दडवून कंपनी नोंदवली असल्यास न्यायाधिकरण सभासदांचे दायित्व अमर्याद असल्याचा आदेश देऊ शकते. लबाडीसाठी कारावासाचीही तरतूद आहे.

तिसरा प्रसंग सभासदसंख्येचा. खासगी कंपनीत सभासद दोनपेक्षा कमी झाले आणि तसेच सहा महिन्यांहून अधिक काळ व्यवसाय चालू राहिला, तर त्यानंतरच्या काळातील कर्जाला ही गोष्ट माहीत असलेला सभासद स्वतः बांधील होतो.

चौथा प्रसंग आपण प्रास्ताविकात पाहिला. सलग तीन आर्थिक वर्षे विवरणे सादर झाली नाहीत, तर संचालक पाच वर्षे त्या कंपनीत पुनर्नियुक्तीस आणि अन्य कंपनीत नियुक्तीस अपात्र ठरतो. येथे प्रश्न देण्याचा नाही, कर्तव्याचा आहे. म्हणून ‘मर्यादित’ हा शब्द त्याच्या मदतीला येत नाही. २०१७ मध्ये या तरतुदीखाली देशभरात तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले गेले.

> स्वयं-अध्ययन प्रश्न ३
> चूक की बरोबर ते सांगा.
> (अ) व्यवसाय झाला नाही, तर कंपनीला वार्षिक विवरणपत्र सादर करावे लागत नाही.
> (आ) वैयक्तिक हमी दिल्यास संचालक त्या कर्जाला स्वतः बांधील होतो.
> (इ) खासगी कंपनी स्थापन करण्यासाठी आज किमान १ लाख रुपये भांडवल लागते.

४.३ सारांश

मर्यादित कंपनी ही सभासदांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. ‘मर्यादित’ हे विशेषण सभासदाच्या देण्याला लागते, संचालकाच्या कर्तव्याला नव्हे. खासगी कंपनीसाठी किमान दोन सभासद आणि दोन संचालक, नियमांत बसणारे नाव, घटनापत्रक, नियमावली, नोंदणीकृत कार्यालय, आवश्यक घोषणा आणि संमती लागते. प्रमाणपत्रानंतर ३० दिवस, दोन महिने आणि १८० दिवस अशा मुदती पाळाव्या लागतात आणि पुढे दरवर्षी विवरणे द्यावी लागतात. कायद्याच्या मराठीत ‘करील’ म्हणजे सक्ती, ‘करू शकेल’ म्हणजे अधिकार आणि ‘मानण्यात येईल’ म्हणजे गृहीतक. साक्षर व्यक्तीने सही करण्यापूर्वी वाचले आहे, असे कायदा धरून चालतो. म्हणून वाचणे हे तिचे स्वतःचे काम आहे.

कायदा वेळोवेळी बदलतो. प्रत्यक्ष नोंदणी करताना त्या वेळी लागू असलेले नियम पाहावेत आणि व्यावसायिकाचा सल्ला घ्यावा.

४.४ पारिभाषिक शब्द

• दायित्व – कायद्याने द्यावी लागणारी रक्कम किंवा फेडावे लागणारे देणे.
• प्रवर्तक – कंपनी स्थापन करण्यासाठी पुढाकार घेणारी व्यक्ती.
• हस्ताक्षरकर्ता – घटनापत्रकावर सही करून भाग घेण्याचे मान्य करणारी व्यक्ती. नोंदणीनंतर ती सभासद होते.
• अधिकृत भांडवल – कंपनी जास्तीत जास्त जेवढे भांडवल उभारू शकते ती घटनापत्रकातील रक्कम.
• भरणा झालेले भांडवल – भागांपोटी कंपनीला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम.
• निबंधक – कंपन्यांची नोंदणी करणारा अधिकारी.
• धनको – ज्याचे देणे लागते ती व्यक्ती किंवा संस्था.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (इ) सभासदाचे दायित्व.
प्रश्न २ : (अ) घटनापत्रक (आ) नियमावली (इ) घटनापत्रक (ई) नियमावली.
प्रश्न ३ : (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘जबाबदारी’ आणि ‘दायित्व’ या शब्दांतील अर्थभेद कंपनी कायद्याच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.
२. कंपनीच्या नावासंबंधीच्या नियमांतील भाषिक निकषांची चर्चा करा.
३. एका सभासदाने प्रत्येकी १० रुपयांचे ३,००० भाग घेतले आणि प्रत्येक भागापोटी ७ रुपये भरले. कंपनी बुडाल्यास त्याचे दायित्व किती? कारणासह लिहा.
४. टिपा लिहा: (अ) उद्दिष्ट कलम (आ) संचालकाची संमती (इ) वैयक्तिक हमी.

४.७ उपक्रम

आपल्या घरातील एखादा कायदेशीर कागद घ्या: भाडेकरार, कर्जाचा अर्ज, विमापत्र किंवा हमीपत्र. त्यातील सर्व क्रियापदे अधोरेखित करून त्यांची सक्ती, अधिकार आणि गृहीतक अशा तीन गटांत विभागणी करा. ज्या वाक्यात आपल्यावर सक्ती आहे, ते साध्या मराठीत पुन्हा लिहा. ही सर्व वाक्ये सहीच्या वेळी आपल्याला माहीत होती का, याची प्रामाणिक नोंद करा आणि पुढील संपर्क सत्राला ती नोंदवही सोबत आणा.